केटी देणारा, केटी घेणारा

इंजिनिअरिंगला होतो तेव्हा ‘केटी’ या शब्दाची धास्ती असायची. केटी लागली म्हणजे विषय राहिला. पुन्हा फॉर्म, पुन्हा फी आणि घरी सांगायचं कसं हा प्रश्न. नोकरीला लागल्यावर त्याच दोन अक्षरांचा दुसरा अर्थ कळला. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. क्लायंटच्या जुन्या माणसाकडून नव्या माणसानं काम समजून घ्यायचं. हिंजवडीत बसून फोनवर केटी घेतली तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. २०१४ साली न्यू जर्सीत ती समोरासमोर घ्यायची वेळ आली, तेव्हा वाटलं.

समोरचा माणूस साठीला टेकलेला, त्याच कंपनीत बावीस वर्षं काढलेला. त्याला नव्वद दिवसांची मुदत मिळाली होती. तेवढ्यात मला सगळं शिकवायचं आणि निघायचं. शिकवायला नकार दिला तर जाताना मिळणारी रक्कम बुडणार. त्यानं कधी आवाज चढवला नाही. दुसऱ्या आठवड्यात जेवताना एवढंच विचारलं, “उद्या तुला काढलं तर तुझ्या हातात किती दिवस?” मी म्हणालो, “कायद्यानं एकही नाही.” (नोकरी गेल्यावर देशात राहायची साठ दिवसांची सवलत आली ती जानेवारी २०१७ मध्ये.) तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तरीच. तू त्यांच्या जास्त सोयीचा आहेस.”

अमेरिकेत नोकरी करायला लागणाऱ्या एच-१बी व्हिसावरचा वाद सुरू झाला की मला हे वाक्य आठवतं. गेल्या दहा वर्षांत मी या विषयावर वाचलेल्या बहुतेक लेखांपेक्षा त्यात जास्त शहाणपण आहे. हा वाद आपल्याकडे भारतीय विरुद्ध अमेरिकन असा मांडला जातो. आपली पोरं हुशार, त्यांची आळशी. म्हणून त्यांची जळते. तिकडे तोच वाद उलटा मांडतात: आपली पोरं लायक, पण स्वस्तातले परके आणून त्यांच्या ताटातलं काढून घेतलं जातं. दोन्ही बाजूंना मधला माणूस दिसत नाही. व्हिसाची फाइल ज्याच्या कपाटात असते, तो मधला माणूस.

एच-१बी हा व्हिसा माणसाला मिळतो असं आपण समजतो. शिक्का आपल्या पासपोर्टवर असतो, पेढे आपण वाटतो. पण अर्ज कंपनीचा असतो, मंजुरी कंपनीच्या नावानं येते, आणि कंपनीनं ‘हा आता आमच्याकडे नाही’ असं कळवलं की त्या देशात राहण्याचा आधारच जातो. १९९०च्या कायद्यानं ही रचना आली, तेव्हा वर्षाला ६५,००० अशी मर्यादा घातली. वायटूकेच्या आणि डॉट कॉमच्या भरात ती १,९५,०००पर्यंत वाढली, २००४ साली पुन्हा ६५,०००वर आली आणि अमेरिकेतच मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० जागांची भर पडली. गेली वीस वर्षं सगळी मारामारी या आकड्यावर चालली आहे. आकडा वाढवा, आकडा कमी करा. फाइल कोणाच्या कपाटात असावी, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

तिकडच्या कामगारांची तक्रार खोटी नाही, हे आधी मान्य करू. कायदा म्हणतो की परदेशी माणसाला त्या भागातला ‘प्रचलित पगार’ द्यायला हवा. ऐकायला चोख. पण तो पगार चार पायऱ्यांत मोजतात आणि सर्वांत खालची पायरी ठरवतात सतराव्या शतमकावर. म्हणजे त्या गावात ते काम करणारे शंभर जण पगाराप्रमाणे रांगेत उभे केले, तर खालून सतराव्याला मिळतो तेवढा पगार दिला की कायदा खूश. दुसरी पायरी चौतिसावी. मध्यावर यायला तिसरी पायरी लागते. २०१९ साली कामगार खात्यानं मंजूर केलेल्या एच-१बी जागांपैकी साधारण ६० टक्के जागा या खालच्या दोन पायऱ्यांवर होत्या. ज्यांना ‘जगातली सर्वोत्तम प्रतिभा’ म्हणून मिरवायचं, त्यांच्यातल्या बहुसंख्यांचा पगार मध्याच्या खाली. ही प्रतिभा आहे की सवलतीतला माल, असं कोणी विचारलं तर रागावून कसं चालेल?

दुसरा गैरसमज असा, की आधी अमेरिकन माणूस शोधावा लागतो आणि नाहीच मिळाला तर परदेशी. तसं नाही. साध्या कंपनीवर ती अटच नाही. जिच्या नोकरवर्गात एच-१बीवाल्यांचं प्रमाण फार मोठं आहे, त्या कंपनीवर आहे. पण तिनं त्या माणसाला वर्षाला ६०,००० डॉलर दिले की तीही सुटते. हा आकडा १९९८ साली कायद्यात लिहिला. तेव्हा तो भरभक्कम पगार होता. आजही कायद्यात तोच आहे. आता न्यू जर्सीत तेवढ्यात घरभाडं आणि पाळणाघर भागवून काय उरतं, ते ज्यानं काढलंय त्यालाच विचारा.

ऑरलँडोत डिस्नेनं २०१४च्या अखेरीस सुमारे अडीचशे माणसांना जाण्याची नोटीस दिली आणि त्यांतल्या अनेकांना जाण्याआधी आपल्या जागी आलेल्यांना शिकवायला लावलं. आलेले लोक बाहेरच्या कंपन्यांचे, बरेचसे एच-१बीवरचे भारतीय. प्रकरण कोर्टात गेलं आणि ऑक्टोबर २०१६मध्ये दावा फेटाळला गेला. मला यातली खरी बातमी ही वाटते. कायदा मोडला म्हणून हे घडलं असतं तर दंड करून मोकळं होता आलं असतं. ते कायद्याच्या चौकटीत घडलं.

आता आपल्या बाजूला येऊ. इथं मला ऊसतोड आठवते. बीडकडचा माणूस दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत तो मुकादम सोडता येत नाही, हंगाम संपला तरी हिशेब संपत नाही, पुढच्या सालची उचल मागच्या बाकीवर चढते. एसी गाडीत बसून ऑफिसला जाणाऱ्या इंजिनिअरची आणि उसाच्या फडात पहाटे थंडीत उभ्या असलेल्या बाईची हालअपेष्टेत तुलना करण्याइतका मी निर्लज्ज नाही. पण बांधून ठेवण्याचं तंत्र बघा. तिथं उचल, इथं ग्रीन कार्ड. तिथं मुकादम, इथं देसी कन्सल्टन्सी: जी रेझ्युमेवर दोनाची पाच वर्षं करते, क्लायंट देतो त्यातले ऐंशी तुला वीस मला असा हिशेब मांडते आणि सोडून जाऊ नये म्हणून बाँडवर सही घेते. प्रोजेक्ट नसला, माणूस बेंचवर असला, तरी पगार द्यायलाच हवा असं अमेरिकन कायदा १९९८पासून सांगतो. तक्रार करायची सोय आहे. पण तक्रार करणाऱ्याचा व्हिसा कोणाच्या हातात? ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच. एक फरक मात्र बोचरा आहे. फडात बाईला कामातून सुटका नाही आणि एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामागे, येणाऱ्या बाईला कामाची परवानगी नाही. २०१५पासून काही जणींना ती मिळते, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाइल ठरावीक टप्प्याला पोचली तरच. एमबीबीएस झालेल्या, सीए झालेल्या बायका न्यू जर्सीतल्या एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये मुलांचे डबे भरताना मी पाहिल्या आहेत. त्यांच्या डिग्र्या सासरच्या हॉलमध्ये फ्रेममध्ये.

ग्रीन कार्डाच्या रांगेचं गणित एकदा नीट मांडायला हवं, कारण खरी गाठ तिथं आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात बायकामुलंही मोजली जातात. कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाही. ढोबळमानानं ९,८००. लक्झेंबर्गलाही तीच मर्यादा, दीडशे कोटींच्या भारतालाही तीच. इतर देशांच्या उरलेल्या जागांतून कधी थोडी भर पडते, तेवढीच. आणि एच-१बीच्या मंजुऱ्यांत भारतीय ७० टक्क्यांहून अधिक. नळ सताठ इंची आणि निचरा सुताएवढा, मग तुंबणार नाही तर काय! त्यामुळे मास्टर्सवाल्या भारतीयांची रांग आज २०१३च्या आसपास अर्ज केलेल्यांपाशी अडकली आहे. एच-१बी सहा वर्षांचा असतो, पण रांगेत असलेल्याला मुदतवाढ मिळत राहते. तात्पुरता व्हिसा असा पंधरा-वीस वर्षांचा होतो. मूल तिथंच वाढतं, तिथल्याच शाळेत शिकतं आणि एकविसाव्या वर्षी आईबापांच्या अर्जातून बाहेर फेकलं जातं.

या रांगेत उभ्या माणसाला नोकरी बदलता येत नाही का? येते, कागदावर. २००० सालच्या कायद्यानं व्हिसा ट्रान्सफर सोपी केली. पण ग्रीन कार्डाची फाइल नव्या कंपनीला पहिल्यापासून करावी लागते. रांगेतली तारीख सहसा टिकते, बाकी सगळं नव्यानं. बढती घेऊन कामाचं स्वरूप बदललं तरी तीच भीती. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांनी बढती नाकारली, ‘आधी लेबर होऊ दे’ म्हणून. (लेबर म्हणजे ग्रीन कार्डासाठी कामगार खात्याची मंजुरी.) असा माणूस पगारवाढ मागत नाही, रात्री अकराच्या कॉलला नाही म्हणत नाही, शेजारच्या टेबलावर चुकीचं काही चाललं तर बघत नाही. मालकाला हुशारी हवी असते हे खरं, पण हुशारीसोबत ही गोगलगाय मिळते, त्याचं मोल वेगळं. आणि शेजारच्या अमेरिकन माणसाला स्पर्धा करावी लागते ती माझ्या बुद्धीशी नाही, माझ्या नाइलाजाशी. माझ्या न्यू जर्सीच्या गुरूला हे दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं.

या व्यवस्थेच्या विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांची गोष्ट सांगतात. ग्रीन कार्ड मिळालं होतं. पण ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं आणि एच-१बीवाल्याची बायको लगेच येऊ शकायची. म्हणून १९९४ साली त्यांनी ग्रीन कार्ड परत केलं आणि एच-१बी घेतला. ही गोष्ट आपण ‘बघा, कुठल्या कुठे पोचले’ म्हणून सांगतो. मला तीत एक नवरा दिसतो, बायकोला आणण्यासाठी चढलेली शिडी उतरणारा.

१९ सप्टेंबर २०२५ला ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर केली. पुण्या-हैदराबादला सुटीवर आलेल्यांची त्या रात्री काय गाळण उडाली! सॅन फ्रान्सिस्कोत तर विमानात बसलेले लोक उतरून गेले. फी दरवर्षीची असं आधी मंत्र्यांनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी खुलासा आला की एकदाच आणि फक्त नव्या अर्जांना. आपल्याकडे यावर दोनच प्रतिक्रिया होत्या. एक, हा अन्याय आहे. दोन, बरं झालं, आता पोरं इथंच राहतील. माझा आक्षेप तिसराच. ज्या कंपनीनं एका माणसासाठी लाख डॉलर मोजले, ती त्याला सहज सोडेल का? उचल वाढली की कोयता सुटायला वेळ लागतो, हे कुठल्याही मुकादमाला विचारा. फी मालकाकडून घेतली, पण दोरी घट्ट झाली ती कामगाराच्या गळ्यातली. शिवाय फटका भलत्यांनाच बसतो. मोठी कंपनी लाख डॉलर पचवते किंवा काम उचलून पुण्या-बंगळूरला आणते. परदेशी कंपन्यांची स्वतःची कार्यालयं, म्हणजे ग्लोबल केपेबिलिटी सेंटरं, १,७००हून अधिक इथं आहेतच. माणसं अडवता येतात, काम अडवता येत नाही. परदेशी डॉक्टरवर विसंबून असलेलं खेड्यातलं इस्पितळ मात्र काम उचलून बंगळूरला नेऊ शकत नाही.

अर्ज जागांहून जास्त, म्हणून एच-१बीसाठी सोडत काढतात. त्या सोडतीत पगाराच्या पायरीप्रमाणे वजन देण्याचा नियमही आला आहे. तो मला फीपेक्षा शहाणा वाटतो. चिठ्ठी टाकून माणसं निवडणं हीच मुळात शरमेची गोष्ट होती, आणि चिठ्ठ्यांतही हातचलाखी झाली. २०२३च्या सोडतीत ७,८०,८८४ नोंदण्या आल्या, त्यांतल्या चार लाखांहून जास्त नोंदण्या एकाहून अधिक चिठ्ठ्या टाकलेल्यांच्या होत्या. एका माणसाच्या नावानं चार-चार कन्सल्टन्सींनी चिठ्ठ्या टाकल्या. नियम बदलून माणसागणिक एकच चिठ्ठी केल्यावर आकडा धाडकन खाली आला. यात आपलेच लोक पुढे होते, हे मराठी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत कोणी म्हणत नाही. तिथं मंगळागौरीच्या तयारीचे मेसेज असतात किंवा अमेरिका कशी बुडणार याचे.

आणि आपल्या दुटप्पीपणाचं काय? १९६६ साली शिवसेना निघाली ती मुंबईतल्या कारकून-टायपिस्टांच्या नोकऱ्यांवरून. ‘मार्मिक’मध्ये ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापल्या जात. त्याच मुंबईत दोनच वर्षांनी टीसीएस उभी राहिली, जिच्या लोकांच्या नावांच्या याद्या आज अमेरिकेत कोणी ना कोणी छापतो. नोकऱ्यांत ८० टक्के स्थानिकांचा आग्रह आपण सगळ्या पक्षांच्या सरकारांकडून ऐकला आणि त्याला टाळ्याही दिल्या. माझे वडील सांगलीत बसून भूमिपुत्रांची बाजू तावातावानं मांडायचे आणि त्याच बैठकीत ‘ट्रम्पला काय अधिकार?’ म्हणायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, “बाबा, ऑरलँडोच्या त्या अडीचशे लोकांना भूमिपुत्र म्हणायचं की नाही?” ते म्हणाले, “ते वेगळं.” काय वेगळं, ते आम्ही दोघंही शोधत राहिलो. मला वाटतं, भूमिपुत्राच्या मागणीत खरा दम असतो तो एका ठिकाणी: जेव्हा बाहेरचा माणूस हक्क नसलेला म्हणूनच पसंत केला जातो. तेव्हा त्याला हाकलणं हा एक उपाय, आणि त्याला हक्क देणं हा दुसरा. पहिला उपाय राजकारणाला सोयीचा. दुसऱ्यानं दोघांचाही पगार टिकतो.

दुसरा उपाय हवेतला नाही. जुलै २०२३मध्ये कॅनडानं अमेरिकेतल्या एच-१बीवाल्यांसाठी दहा हजार परवाने खुले केले. त्यांत एकच गोष्ट वेगळी होती: परवाना माणसाच्या नावाचा, कोणत्याही मालकाकडे काम करायची मुभा. दोन दिवसांत दहा हजार अर्ज भरले. थंडीला, कमी पगाराला आणि पुन्हा सामान बांधायला न घाबरता. इतके लोक एवढ्या घाईनं कशाकडे धावले, हे बघितलं तर या व्हिसात काय नाही ते वेगळं सांगावं लागत नाही. पहिलं वर्ष-दोन वर्षं कंपनीशी बांधलेला व्हिसा चालेल. आणणाऱ्याचा खर्च निघायला हवा. पुढे तो माणसाच्या नावावर करा. पगाराची खालची पायरी मध्यावर आणा. ग्रीन कार्डाचा अर्ज माणसाला स्वतः करू द्या. एवढं झालं तर आकडा ६५,००० असो की दुप्पट, केटी देणाऱ्याला घेणाऱ्याची भीती वाटायचं कारण उरणार नाही. स्वस्त मजुरीवर पोसलेल्या कंपन्यांना मात्र हे पचणार नाही, हे उघड आहे. त्यांत आपल्या लाडक्या कंपन्याही आल्या.

म्हणूनच मला दिल्लीकडूनही फार आशा नाही. भारतानं हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेत नेला होता, मार्च २०१६ मध्ये. कशासाठी? व्हिसाची फी वाढवली म्हणून, आणि जागांच्या संख्येवरून. फी कंपन्या भरतात, संख्या कंपन्यांना लागते. ट्रान्सफरची मोकळीक, बायकोचा कामाचा हक्क, एकविशीतल्या मुलाचं काय, हे त्या तक्रारीत नव्हतं. चर्चेच्या टेबलावर कंपन्यांची माणसं बसतात. कोयत्याला तिथं कोण बोलावणार?

सोशल सिक्युरिटीचंच घ्या. प्रत्येक एच-१बीवाल्याच्या पगारातून ६.२ टक्के त्यात कापले जातात, मालक तेवढेच घालतो. पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे किमान दहा कॅलेंडर वर्षं. जर्मनीशी, जपानशी अमेरिकेचा करार आहे, दोन्ही देशांतली वर्षं एकत्र मोजतात. भारताशी नाही. वर्षानुवर्षं बोलणी चालू आहेत असं ऐकतो. मी ऑक्टोबर २०११ला गेलो आणि वडिलांच्या आजारपणामुळे डिसेंबर २०१९ला कायमचा परत आलो. रांगेतली माझी तारीख अजून आलेली नाही. सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर माझं खातं आहे. कधीतरी रात्री उघडून बघतो. ३६ क्रेडिट दिसतात, आणि खाली लिहिलेलं असतं की आणखी चार कमावल्याशिवाय काही मिळणार नाही.